जिऱ्याचं तळं

१

मांडणीवरचं फुलपात्र घरंगळलं, फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गरगरत राहिलं. त्याचा आवाज थांबेपर्यंत दोघी बहिणी त्याच्याकडेच बघत होत्या. एकमेकींकडे बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. शेवटी थोरलीच्या पाच वर्षांच्या मुलीनं, मित्रानं, पुढं होऊन त्याच्यावर तळहात ठेवला.

"तुला कुनी बोलावलं?" दीपानं विचारलं.

रेश्माचा फोन आला होता, असं प्रज्ञानं सांगितलं. रेश्मा म्हणजे गावातली आशा सेविका, दीपाच्याच बचत गटातली. दीपानं मित्राच्या हातातून फुलपात्र घेतलं, माठातल्या पाण्यानं भरलं आणि तिलाच परत दिलं. श्रीरामपूरहून एसटीनं आणि देवळाली प्रवराहून पुढं रिक्षानं, उन्हातून आलेल्या थोरल्या बहिणीला मात्र तिनं पाणी विचारलं नाही. घरात पैसा होता तो एकीच्याच शिक्षणाला पुरला होता. प्रज्ञा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली आणि दीपा इथं वस्तीतच राहिली. ते दोघींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण एका छपराखाली आल्या की ते मध्ये येऊन बसायचं.

झालं होतं ते असं. गावाबाहेर, कालव्याच्या कडेला ग्रामपंचायतीचं एक लहान तळं होतं. आधी ते गावातल्या बागायतदार पुष्पावतीबाईंचा मुलगा योगेश ठेक्यानं घ्यायचा. यंदा सरकारी योजनेत ते महिलांच्या बचत गटाला मिळालं. गटात सगळ्या बागायतदारांच्या घरच्या बायका आणि अध्यक्षही पुष्पावतीबाईच. बौद्ध वस्तीतली दीपा एकटी, तीही योजनेच्या अटीत बसावं म्हणून घेतलेली. राखणीचं काम तिच्याकडं. दिवसा ती, रात्री तिचा नवरा अमृत.

गटानं त्या तळ्यात जिरं सोडलं. जिरं म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशाची पिल्लं. खरोखर जिऱ्याएवढी, अंगानं पाण्यासारखी आरपार. दिसतात ते फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके. ती नखाएवढी वाढली की मोठ्या तलाववाल्यांना विकायची. पण पंधरवड्यानं जाळं ओढलं तर त्यात एकही पिल्लू नाही. मेलेलं काही तरंगलं नव्हतं, पाण्याला वास नव्हता. जाळ्याला लागले ते दोन-चार मुठी गप्पी मासे. डास खायला म्हणून आरोग्यवाले देतात, तसले. ते बायकांनी काठावर झटकून टाकले.

एवढी पिल्लं जातील कुठं? विकली असणार. कोणी विकली? राखणीला जी होती तिनं. मग कोणीतरी दीपाच्या घरामागं डोकावलं, आणि जिरं ज्यातून आलं होतं त्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या पिशव्या तिथं सापडल्या. त्यानंतर गावाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

आज दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक होती. दीपाचं नाव गटातून काढायचं आणि पोलिसांत चोरीची तक्रार द्यायची, असं ठरल्यातच जमा होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. योगेश होता. मागच्या सीटवर पांढऱ्या गोण्या बांधलेल्या. तो उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. दारातूनच ओरडून म्हणाला, "बैठक झाली की तळ्यात ब्लीचिंग टाकून सगळं मारनार हाय आमी. तोवर तुमच्यातलं कुनी तिकडं फिरकायचं न्हाई."

मोटरसायकल गेली. ब्लीचिंग एकदा पडलं की तळं काही सांगू शकणार नाही, एवढं प्रज्ञाला कळलं. तिनं पिशवीतली काचेची बरणी काढली.

२

आधी तिनं पिशव्या बघितल्या. दीपानं त्या गळक्या पत्र्यावर पसरायला आणल्या होत्या. प्रत्येक पिशवी गाठीपासून बुडापर्यंत विळ्यानं कापलेली होती. अशा पिशवीत वाटीभर पाणी राहत नाही. जिरं न्यायचं तर पाणी भरून वर ऑक्सिजन भरावा लागतो आणि तोंड आवळावं लागतं. प्रज्ञा हे बोलून दाखवायला लागली तशी दीपानं तिला मध्येच तोडलं.

"हे मी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. तू सांगशील तवा ते शास्त्र हुईल."

तळ्याला कालव्याचं पाणी कसं येतं, ते प्रज्ञानं विचारलं. पाइपच्या तोंडाला दुहेरी कापड बांधलेलं होतं आणि ते दीपा रोज धुवायची. कोणी आलं-गेलं? पूजेच्या दिवशी गटातल्या सगळ्या आल्या होत्या, जिरं त्याच दिवशी सोडलं. त्यानंतर माणूस फिरकलं नव्हतं. खुद्द गटातल्या बायकाही तेच सांगत होत्या, कारण तेच दीपाच्या विरुद्ध जात होतं.

मित्राला कडेवर घेऊन प्रज्ञा बांधावर पोचली तेव्हा तिथं रतनबाई बसल्या होत्या, गटातल्या सगळ्यांत वयस्कर. दीपाला हटवल्यापासून राखण त्यांच्याकडं होती. मांडीवर काठी, तोंडात तंबाखू.

"पान्याला हात लावायचा न्हाई," त्यांनी लांबूनच बजावलं. "एक बहीन पिल्लं घेऊन गेली, दुसरी आता पानी न्यायला आली का?"

प्रज्ञा काठावर उकिडवी बसली. झटकून टाकलेले मासे तिथं वाळून पडले होते, सगळ्यांचे डोळे पांढरे. मेल्यावर माशाचा डोळा दुधाळतो आणि मग त्यातून काही वाचता येत नाही. कॉलेजच्या मुलांना ओढ्यानाल्यांवर नेऊन ती हेच पुन्हापुन्हा सांगायची, की बोटभर माशाच्या रंगावर जाऊ नका. गढूळ पाण्यात तो फिका पडतो, घाबरला की वेगळाच दिसतो. जिवंत असताना त्याचा डोळा बघा. डोळा कुठं बसलाय, त्याची कड कशी चमकते, वर-खाली काय खूण आहे. अंगाचा रंग बदलतो, ती खूण सहसा बदलत नाही.

तिला जिवंत मासा हवा होता आणि रतनबाई काठी आपटत होत्या.

"मी हात लावत नाही," प्रज्ञा म्हणाली. "तुम्हीच भरून द्या."

रतनबाईंना नाही म्हणायला कारण सापडेना. पुटपुटत त्या उठल्या, काठच्या गवतात बरणी बुडवली आणि सात-आठ माशांसकट पुढं केली. "घे. गप्पीच हायेत. बघ आन जा."

प्रज्ञानं बरणी उन्हाकडं धरली. राखाडी, सामान्य मासे, कोणीही गप्पीच म्हणावेत असे. तिनं एकीवर नजर ठरवली, पोट मोठं असलेल्या मादीवर. मादी वळली आणि क्षणभर कडेनं दिसली.

तिच्या डोळ्यातून एक काळी रेघ खाली गालावर उतरली होती. मित्रा सकाळी रडून उठली की तिचं काजळ जसं फरफटायचं आणि प्रज्ञा पदराच्या टोकानं ते टिपायची, अगदी तसं. दुसरी मादी बघितली. तिलाही तीच रेघ. तिसरीलाही.

गप्पीच्या डोळ्याखाली काही नसतं. हे गप्पी नव्हतेच.

३

हा गंबुशिया होता. तोही परदेशातून आणला तो डास खायलाच, तोही एवढासाच, म्हणून सगळीकडं गप्पी याच नावावर खपून जातो. पण तळ्यात तो भरपूर असेल तर दुसऱ्या माशाची अंडी-पिल्लं शिल्लक ठेवत नाही. जिरं तर त्याच्यापुढं पेरलेलंच होतं. कोणी चोरलं नव्हतं, कोणी विकलं नव्हतं. पंधरा दिवस ते तळ्यातल्या तळ्यात खाल्लं जात होतं आणि खाणारे जाळ्यात आले तेव्हा बायकांनी ते झटकून टाकले होते.

पण एवढं सांगून भागणार नव्हतं. मासे चालत येत नाहीत. आले कुठून, हे सांगता आलं नाही तर तेही दीपाच्याच गळ्यात पडणार होतं.

गावात गप्पी कोणाकोणाकडं आहेत, असं तिनं रतनबाईंना विचारलं. तीन ठिकाणी, असं उत्तर आलं. रेश्माच्या हौदात, रतनबाईंच्या स्वतःच्या विहिरीत आणि पुष्पावतीबाईंच्या शेततळ्यात.

"का गं? माझ्या हिरीवर संशय हाय का तुझा?"

प्रज्ञानं नाही म्हटलं नाही. रतनबाई चवताळल्या. काठी टेकत स्वतःच पुढं चालायला लागल्या, वाटेत प्रज्ञाच्या शिक्षणाचा, सासरचा आणि चपलांचा उद्धार करत. विहिरीवर पोचल्यावर त्यांनी बादली सोडली, ओढून वर घेतली आणि दाणकन तिच्या पायाशी ठेवली.

प्रज्ञा वरून बघायला वाकली. पाण्याच्या तोंडाशी चार-पाच मासे तरंगत होते. प्रत्येकाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, चांदीचा कण ठेवावा तसा ठिपका. डोळ्याची वरची कड हिरवट सोनेरी. हा आपल्याकडचाच जुना मासा, गप्पी नव्हे आणि गंबुशिया तर नव्हेच.

"तुमची विहीर स्वच्छ आहे, आजी."

"ती मला ठाव हाय," रतनबाई म्हणाल्या. पण घरात जाऊन मित्राला गुळाचा खडा आणून दिला. प्रज्ञाला नाही.

रेश्माच्या अंगणातला हौद तर बघताक्षणी सुटला. नरांच्या शेपटीवर रंगाचे ठिपके, माद्यांचा डोळा काळाभोर, भोवती स्वच्छ कडी, खाली काही नाही. खरे गप्पी. रेश्मा नवऱ्याच्या भीतीनं दारातच उभी होती आणि घाईघाईनं बोलत होती. पुष्पाकाकूंकडं जाऊ नका, असं तिनं दोनदा सांगितलं.

तिसरं ठिकाण तेवढंच उरलं होतं.

४

पुष्पावतीबाईंच्या अंगणात बाजेवर योगेश होता. प्रज्ञाला बस म्हणायला कोणी पुढं आलं नाही. चहा आला. योगेशला आणि बाईंना स्टीलच्या कपातून, प्रज्ञाला कागदी कपातून. तिनं तो हातात धरून ठेवला. मित्राला तहान लागली होती, तरी तिनं इथं पाणी मागितलं नाही.

बाईंचा आवाज मऊ होता. पोटासाठी माणूस चुकतं, असं त्या म्हणाल्या. दीपानं सगळ्यांसमोर कबूल केलं तर पोलिसांचं त्या बघून घेतील. गटातून नाव कमी होईल, तेवढंच. नाहीतर उद्यापासून त्या पोरीला शेताच्या कामालाही कोणी बोलावणार नाही. अमृत ज्या मुकादमाच्या हाताखाली होता, त्याला योगेश ओळखत होता.

"तू शिकलेली हायस. तिला समजाव," बाई म्हणाल्या. "तुझ्या शब्दाबाहेर न्हाई ती."

प्रज्ञानं शेततळ्याची चौकशी केली. त्याला चहूबाजूंनी तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप. लेकरंबाळं पडतात म्हणून. किल्ली बाईंच्या कमरेलाच होती. गुरांच्या कुंडीत येणारं पाणी तिथलंच.

मित्रा कुंडीच्या काठाला हनुवटी टेकून उभी होती. प्रज्ञा तिला मागं ओढायला गेली आणि तिच्या खांद्यावरून तिनं पाण्यात बघितलं. कुंडीच्या सावलीत मासे होते. एक मादी कडेनं सरकली. डोळ्याखाली काजळ फरफटलेलं.

"तुम्ही शेततळ्यात मासे केले होते का कधी, काकू?"

गेल्या साली बीज टाकलं होतं, खराब निघालं, एकही जगलं नाही, असं बाई सहज म्हणून गेल्या. योगेशनं मान वर केली. त्यानं आईकडं बघितलं आणि मग प्रज्ञाच्या हातातल्या बरणीकडं. उठून आला, बरणी तिच्या हातातून काढून घेतली आणि तापलेल्या शहाबादी फरशीवर उपडी केली.

"आमच्या दारात कसल्या बरन्या घेऊन फिरतेस? लेकराला घेऊन घरी जा. ऊन लई हाय."

मासे उडत राहिले, मग थांबले. मित्रा रडायला लागली. प्रज्ञानं तिला उचललं आणि ती फाटकाकडं चालू लागली. मागं वळून बघितलं तेव्हा फरशीवरच्या माशांचे डोळे पांढरे पडायला लागले होते, आणि ग्रामपंचायतीकडं बायका निघाल्या होत्या.

५

रेश्मा वाटेतच, उसाच्या आडोशाला थांबली होती. तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि दोन्ही सांगताना तिचं लक्ष रस्त्याकडं होतं.

पहिली अशी, की गेल्या वर्षी योगेश आरोग्य उपकेंद्रात भांडायला आला होता. तुमच्या गप्पींनी माझं सगळं बीज खाल्लं, असं म्हणत होता. तालुक्याच्या एका मासेवाल्यानं त्याला तसं सांगितलं होतं. पण रेश्मानं त्याच्या शेततळ्यात कधी गप्पी सोडलेच नव्हते. ते त्यानं बाहेरून कुठूनतरी आणले होते. ते कळल्यावर तो गप्प बसला आणि पुढं गावात सांगत राहिला की बीजच खराब होतं.

म्हणजे त्या घराला माहीत होतं. हा मासा काय करतो ते गावात फक्त त्या एका घराला माहीत होतं.

दुसरी गोष्ट रेश्माच्या मोबाईलमध्ये होती. जिरं सोडलं त्या दिवशीचा व्हिडिओ. गटानं तळ्याची ओटी भरली होती. रीत अशी, की नव्या पाण्याला घरच्या पाण्याची ओळख व्हावी म्हणून प्रत्येकीनं आपल्या विहिरीचं, हौदाचं तांब्याभर पाणी आणून तळ्यात ओतायचं. पडद्यावर एकेक बाई पुढं येत होती. हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी, तांब्या. पुष्पावतीबाई अध्यक्ष म्हणून पहिल्या. त्यांच्याकडं तांब्या नव्हता. गड्याच्या खांद्यावरून आलेली मोठी घागर होती आणि तिचं तोंड हिरव्या खणानं बांधलेलं होतं. रतनबाईंनी खण सोडला. घागर तिरकी झाली. व्हिडिओत दिसलं ते फक्त उन्हात चकाकणारं पाणी.

मग मोबाईल जरा फिरला, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला प्रज्ञाला तिची बहीण दिसली. ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत धरलेला, घासून लखलखीत केलेला तांब्या. ती उभी होती. एकेक बाई ओतून मागं येत होती. शेवटची आली. दीपा तशीच उभी होती. व्हिडिओ संपला.

"मावशी," मित्रा पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

प्रज्ञानं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं मोबाईल पदराला पुसला.

"पुष्पाकाकूंनी आदीच सांगितलं हुतं, तिला मागं थांबू द्या म्हनून," ती म्हणाली. "आमी काय बोलनार."

६

ओट्यावर गटातल्या बायका, खाली झाडाच्या सावलीत पुरुष. दीपा कडेला उभी होती, पाठ ताठ. पुष्पावतीबाईंनी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात प्रज्ञा ओट्याची पायरी चढली. तू गटातली नाहीस, असं दोघी-तिघींनी सांगितलं. ती खाली उतरली आणि खालूनच बोलली.

पिशव्या कशा कापल्या आहेत ते तिनं दाखवलं. मग म्हणाली की ब्लीचिंग टाकण्याआधी तळ्यातलं एक भांडं पाणी मागवा, त्यात पिल्लं खाणारा चोर आहे. पुरुषांत हशा पिकला. योगेश उठून उभा राहिला. पण रेश्मा गर्दीतून पुढं आली आणि येताना भरून आणलेले चार काचेचे पेले तिनं ओट्यावर मांडले. एकात तळ्यातलं पाणी, एकात तिच्या हौदातलं, एकात रतनबाईंच्या विहिरीतलं. चौथा पेला पुष्पावतीबाईंच्या गुरांच्या कुंडीतला. योगेशनं तिला विचारलं की कोणाला विचारून घेतलास. रेश्मानं पेल्यावरचा हात काढला नाही.

"डासाच्या अळ्या हायेत का ते दारोदारच्या कुंड्यांत बघायचं माझं कामच हाय. त्याला परवानगी लागत न्हाई."

प्रज्ञानं बायकांना फक्त डोळे बघायला सांगितलं. गप्पीचा डोळा स्वच्छ. विहिरीच्या माशाच्या दोन डोळ्यांमध्ये चांदीचा ठिपका. तळ्यातल्या माशाच्या डोळ्याखाली काळी रेघ. तिन्हींना गाव गप्पी म्हणतं, म्हणून जाळ्यात चोर आला तेव्हा तो कोणाला दिसला नाही. बायका एकेक करून वाकल्या. वाकलेल्या बाईला चौथा पेला बघावाच लागत होता. त्यातल्या माशालाही तीच रेघ होती. वाकून उठलेली प्रत्येक बाई पुष्पावतीबाईंकडं बघत होती.

मग प्रज्ञानं ते आत कसे आले हे मांडलं. पाइपला दुहेरी कापड आहे, तिथून नाही. पूजेनंतर दीपा आणि अमृत सोडून कोणी तळ्याकडं गेलं नाही, हे तुम्हीच सगळ्या म्हणता. ते मासे शेततळ्याशिवाय आणि त्याच्याच पाण्यावरच्या कुंडीशिवाय गावात कुठं नाहीत. शेततळ्याला कुलूप आहे, किल्ली एकाच कमरेला, आणि कुंडी त्यांच्याच अंगणात. दीपानं ते आणायचे कुठून? म्हणजे ते आले पूजेच्या दिवशी, पूजेच्या पाण्यातून, आणि या माशानं एकदा ज्यांचं बीज खाल्लं होतं त्यांच्या घरातून. योगेशनं उपकेंद्रात काय भांडण केलं होतं, ते रेश्मा सांगेल.

पुष्पावतीबाई हसल्या. अजूनही आवाज मऊच. "पूजेला समद्यांचंच पानी हुतं. रतनबाईच्या हिरीत काय काय पडलेलं असतं ते गावाला ठाव हाय. माझ्यावरच कसं?"

रतनबाई बसल्या जागेवरून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"माझ्या हिरीचं नाव घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "घागरीचा खन मीच सोडला. आत नुसती वळवळ हुती, पान्यापरीस मासं जास्त. मला वाटलं, गप्पी हायेत, डास खातील, चांगलंच केलं बाईनं. म्हनून बोलले न्हाई. तुमी पानी आनलं न्हवतं. तुमी मासं आनलं हुतं."

पुष्पावतीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू घट्ट होत गेलं. त्यांनी कबुली दिली नाही आणि नाकारलंही नाही. तळं आमचं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. गटाचं काम बुडालं असतं तर ते पुन्हा आमच्याकडंच आलं असतं. कोणाच्या हाती दिलंत, तेही बघितलं नाही तुम्ही. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी दीपाकडं बघितलं, आणि ते वाक्य खोडायला ओट्यावरून कोणी उठलं नाही. त्या उतरून गेल्या, मागोमाग योगेश. ब्लीचिंगच्या गोण्या तिथंच राहिल्या.

मग सगळं झटपट आवरलं. तक्रार द्यायची नाही. दीपाचं नाव राहील. अध्यक्ष कोण ते पुढच्या बैठकीत बघू. तळ्यातले हे मासे मारायला ब्लीचिंग लागणारच, ते गटानं टाकायचं, नवं जिरं आणायचं आणि ओटी पुन्हा नीट भरायची, असं रतनबाईंनी सांगून टाकलं. बायकांनी माना हलवल्या. दीपाची माफी मागायचं कोणाला सुचलं नाही. एकीनं तिला गोण्या उचलून तळ्यावर न्यायला तेवढं सांगितलं.

दीपानं एक गोणी डोक्यावर घेतली. प्रज्ञा दुसरीला हात लावायला गेली तशी ती थांबली.

"मी इतके दिवस सांगत हुते. तू एक दिवस आलीस आन ऐकलं त्यांनी."

प्रज्ञाला बहिणीला जवळ घ्यायचं होतं. पण गोणी मध्ये होती, आणि दीपानं ती खाली ठेवली नाही. ती पुढं चालायला लागली. काही पावलांवर मागं न बघता म्हणाली, "जेवून जा. लेकरू उपाशी हाय."

कालव्याच्या वाटेनं तिघी चालल्या. मित्राच्या पापण्या रडून चिकटल्या होत्या, काजळ कानापर्यंत गेलं होतं. प्रज्ञानं पदराचं टोक ओलं केलं आणि चालता चालता तिचा गाल टिपला. मित्रा मान तिरकी करून, समोर गोणीखाली वाकलेल्या मावशीकडं बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आता परत पूजा करणार आहेत ना? मग मावशीनं तांब्या आणायचा का नाही आणायचा?"